इंजिन नवं बांधलं, तरी ऑइल खातंय: नागपुरातल्या एका ओम्नीचं प्रकरण

गाडी: मारुती ओम्नी, २००९ ची, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारी). इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कंपनीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२ मिमी. काम: त्रिमूर्ती नगरातून हिंगणा एमआयडीसीत जेवणाचे डबे पोचवणं, सकाळी एक फेरी, दुपारी एक. मे महिन्यात फुल इंजिन काम झालं. जुलै उजाडेपर्यंत गाडी ११०० किलोमीटर चालली होती आणि तक्रारी अशा: हजार किलोमीटरला सव्वा लिटरच्या आसपास ऑइल संपतं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागून निळा धूर, ऑइल भरायचं झाकण उघडलं की भपका, आणि पिकअप इंजिन बांधण्याआधी होता त्यापेक्षाही कमी.

मालकाने काही हलगर्जी केली नव्हती, हे या प्रकरणात महत्त्वाचं आहे. गॅरेजमधून गाडी देताना मिस्त्रीने बजावलं होतं, "भाऊ, हजार किलोमीटर चाळीसच्या वर काढू नका." मालकाने ते अक्षरशः पाळलं. इंजिन बिघडायला तेही एक कारण झालं.

पहिल्या बांधणीत काय झालं होतं

सुट्या भागांत कसर नव्हती. ब्लॉक ०.५० मिमी ओव्हरसाइज करून बोअर ६९.० मिमीवर नेला होता. पिस्टन, पिस्टनवरच्या रिंगा, क्रँकची मेन आणि बिग एंडची बेअरिंगं, ऑइल पंप, टाइमिंग बेल्ट, सगळं नवं. व्हॉल्व्ह ग्राइंड करून सीट घासल्या होत्या. लेथवाल्याचं काम मापात होतं, ते पुढे इंजिन उघडल्यावरही दिसलं. घोटाळा झाला तो इंजिन जोडून झाल्यानंतर, आणि एका ठिकाणी नाही, चार ठिकाणी.

पहिलं, इंजिन चालू करून गॅरेजमध्येच आयडलिंगवर, म्हणजे उभ्या गाडीत बिनभाराचं, सोडून दिलं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, असं तीन दिवस. "जागेवर रुळू द्यायचं" ही पद्धत नागपुरात अजून बऱ्याच ठिकाणी चालते.

दुसरं, उन्हाळा म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, गाडी गरम होऊ नये हा हेतू.

तिसरं, "नवं इंजिन आहे तर भारी ऑइल टाका" म्हणून पहिल्याच दिवशी फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० भरलं.

चौथं म्हणजे ती चाळीसची मर्यादा. ओम्नीला चारच गिअर आहेत. चाळीसच्या वर जायचं नाही म्हणजे सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवून चालवणं. त्रिमूर्ती नगर ते हिंगणा रोड हे अंतरही असं की इंजिन पुरतं तापेतो फेरी संपलेली असते.

यातली एकच चूक झाली असती तर इंजिन कदाचित निभावून गेलं असतं. चारही एकत्र आल्या.

रिंगा बसतात त्या कशाने

होनिंग केल्यावर, म्हणजे बोअर फिरत्या दगडाने बारीक घासल्यावर, त्याच्या भिंतीवर तिरक्या रेषांची जाळी उमटते. या रेषांना बारीक टोकं असतात आणि खाचांत ऑइल थांबतं. नवी रिंग या टोकांवर घासते, टोकं झिजून सपाट होतात, रिंगचा चेहराही बोअरच्या गोलाईला जुळतो. मग रिंग पूर्ण परिघावर टेकते आणि गॅस खाली, ऑइल वर जायचं थांबतं. हे सारं व्हायला रिंग बोअरवर जोराने दाबली गेली पाहिजे.

रिंगचा स्वतःचा स्प्रिंगचा ताण त्याला पुरत नाही. खरा दाब ज्वलनाच्या गॅसचा असतो. हा गॅस टॉप रिंगच्या वरून खाचेत शिरतो, रिंगच्या मागे जातो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनवर भार असेल तर सिलिंडरमधला दाब भरपूर असतो, आयडलिंगला तो त्याच्या काही अंशाइतकाच राहतो. म्हणजे आयडलिंगवर सोडलेल्या इंजिनात रिंगा भिंतीवरून नुसत्या सरकत राहतात. टोकं झिजत नाहीत. रिंगांच्या बाजूने निसटणारा गरम गॅस भिंतीवरचं ऑइल भाजतो आणि खाचांत तपकिरी, चकचकीत थर बसतो. यालाच गॅरेजमध्ये ग्लेझ म्हणतात. तो एकदा बसला की रिंगला घासायला खरखरीत काही उरतच नाही.

वेळ फार थोडा असतो. होनिंगची टोकं सर्वांत धारदार असतात ती पहिल्या काही तासांत. हे तास आयडलिंगमध्ये गेले तर पुढचे हजार किलोमीटर कितीही जपून चालवले तरी भरपाई होत नाही. "हळू चालवा" या सल्ल्यात फार आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) नको, सतत एकाच वेगाने नको, गाडी गरम होऊ देऊ नका, एवढं बरोबर आहे. भार नको, हे चूक. गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' असं लिहून महिनाभर मुंगीच्या पायाने चालवणारे निम्मीच गोष्ट पाळतात.

सिंथेटिक ऑइलनेही यात भर घातली. त्यातली घर्षण कमी करणारी द्रव्यं पहिल्या घासाईच्या वेळी आडवी येतात. आज नव्या गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक घेऊन येतात हे खरं, पण त्यांचं होनिंग कारखान्यातल्या यंत्रावर दोन-तीन टप्प्यांत होतं, टोकं आधीच कापलेली असतात. लेथवाल्याकडे हाताने फिरवलेल्या होनला तो हिशेब लागू होत नाही.

डिपस्टिकने केलेली फसवणूक

मालकाचं म्हणणं होतं की पहिले ३०० किलोमीटर ऑइल टिपूसभरही उतरलं नाही, मग एकदा काटोलला जाऊन आले आणि एका फेरीत डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल खालच्या खुणेखाली. एका दिवसात काय फुटलं, असा त्यांचा प्रश्न.

फुटलं काहीच नव्हतं. थर्मोस्टॅट नसल्याने इंजिन कामाच्या तापमानाला पोचत नव्हतं. कूलंट सेन्सर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) "अजून थंड आहे" सांगत होता आणि ईसीयू जास्तीचं पेट्रोल सोडत होता. हे जास्तीचं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन, न बसलेल्या रिंगांवरून खाली संपमध्ये (इंजिनच्या तळच्या ऑइलच्या भांड्यात) उतरत होतं. जितकं ऑइल जळत होतं जवळपास तितकंच पेट्रोल आत मिसळत होतं, म्हणून पातळी हलत नव्हती. काटोलच्या फेरीत इंजिन पहिल्यांदा तासभर सलग चाललं, ऑइल तापलं, पेट्रोल उडून गेलं आणि खरी पातळी दिसली. डिपस्टिकचं ऑइल बोटावर घेऊन हुंगलं तर पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता, आणि दोन बोटांत चोळल्यावर पाण्यासारखं पातळ लागत होतं. नव्या बांधलेल्या इंजिनात पातळी अजिबात उतरत नसेल तर खूश होण्याआधी हा वास घेऊन पाहावा.

थर्मोस्टॅटबद्दल एकदा नीट सांगायला हवं, कारण विदर्भात तो काढण्याची सवय फार आहे. साधारण ८२ अंशांला तो उघडू लागतो आणि त्याच्या वर दहा-बारा अंशांत पूर्ण उघडतो. बाहेर ४५ डिग्री असो की १०, उघडल्यावर तो पाण्याला अडवत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात गाडी गरम होते ती बोअरवेलच्या पाण्याचे क्षार बसून चोंदलेल्या रेडिएटरमुळे, उशिरा फिरणाऱ्या पंख्यामुळे नाहीतर कॅपचा स्प्रिंग मेल्यामुळे. या ओम्नीचा रेडिएटरही तळाच्या रांगांत चोंदलेलाच होता.

तपासणी

इंजिन लगेच उघडलं नाही. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले, बॅटरी पूर्ण चार्ज, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरलेला. यातलं शेवटचं बरेच जण विसरतात आणि इंजिन चांगलं असूनही गेज कमी दाखवतो. प्रत्येक सिलिंडरला सहा-सात स्ट्रोक.

आकडे आले: पहिला १२५, दुसरा ११०, तिसरा १२८ पीएसआय. गेजचा काटा पहिल्या स्ट्रोकला अगदी थोडा चढून मग हळूहळू वर जात होता. ही रिंगांची खूण. व्हॉल्व्ह गळत असेल तर काटा सुरुवातीपासूनच खाली असतो आणि पुढेही फार चढत नाही. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा, साधारण पाच मिली, ऑइल सोडून परत मोजलं: १६०, १५५, १६२. ऑइलने रिंगांच्या फटी तात्पुरत्या भरल्या आणि दाब वर आला, म्हणजे गळती रिंगांकडूनच आहे. चमच्याऐवजी अदमासाने ओतलं तर ऑइलच जागा व्यापतं आणि आकडा खोटाच वाढतो, तेव्हा सिरिंज वापरावी.

खात्रीसाठी प्रत्येक पिस्टन टीडीसीवर (त्याच्या सर्वांत वरच्या जागी) आणून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. गाडी चौथ्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, तरी फॅन बेल्टपासून हात दूर, कारण क्रँक झटका देऊ शकतो. फुस्स आवाज ऑइलच्या झाकणातून आला. सायलेन्सरमधून आणि थ्रॉटल बॉडीतून काही नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट संशयातून सुटले.

न उघडता करायचा एक उपाय बाकी होता. नवा थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटर उघडून नळ्यांत रॉड घालून साफ करून घेतला, सिंथेटिक काढून मिनरल ऑइल भरलं आणि गाडी १५० किलोमीटर भाराखाली चालवली. इंजिन तीनशे-चारशे किलोमीटरच्या आत असेल तर यानेच बऱ्याचदा काम होतं. इथे आकडे पाच-सात पीएसआयने वाढले आणि तिथेच थांबले. ११०० किलोमीटरचा ग्लेझ एवढ्याने तुटत नाही. इनटेकमधून घासायची पावडर सोडून ग्लेझ तोडण्याचा एक जुना 'जुगाड' सांगितला जातो, तो कुणीही करू नये. ती पावडर बेअरिंगमध्ये जाते आणि तिथून परत निघत नाही.

उघडल्यावर

तिन्ही बोअर आरशासारखे चकाकत होते. टॉर्च तिरका धरला की तपकिरी थराच्या खाली होनिंगची जाळी मात्र शाबूत दिसत होती. बातमी चांगली होती: बोअर झिजलेला नाही, फक्त झाकला गेला आहे. डायल बोअर गेजने वर, मधे, खाली अशा तीन उंचीवर आणि दोन दिशांना मोजलं. सर्वांत जास्त फरक एक शतांश मिमीच्या आसपास. म्हणजे परत बोअरिंग नको, पिस्टन तेच चालतील.

टॉप रिंग हातात घेतल्यावर सगळं प्रकरण दिसतं. तिच्या चेहऱ्यावर घासलेल्या भागाची एक बारीक चकचकीत रेघ, तीही सलग नाही. मधेमधे मूळचा मळकट रंग तसाच. ११०० किलोमीटरनंतर ही पट्टी पूर्ण परिघभर सलग हवी होती. दुसऱ्या सिलिंडरच्या रिंगवर ही रेघ सर्वांत तुटक होती, आणि ११० चा आकडाही त्याचाच.

दुसरी रिंग उलटी बसवली नाही ना, हेही पाहिलं. ती बहुधा निमुळत्या चेहऱ्याची असते आणि उलटी बसली तर ऑइल खाली ओरबाडण्याऐवजी वर नेते. लक्षणं अगदी हीच. इथे खुणा वरच्या बाजूला होत्या, बसवणं बरोबर होतं.

बिग एंडच्या बेअरिंगवर मात्र बारीक, परिघाच्या दिशेने गेलेल्या चरा होत्या आणि नखाला लागणारे दोन-तीन काळे कण रुतलेले. होनच्या दगडाची भुकटी. पहिल्या वेळी ब्लॉक डिझेलने धुतला होता. डिझेल, केरोसीन, पेट्रोल यांनी ऑइल निघतं, पण भुकटी पातळ होऊन लोखंडाच्या छिद्रांत आणखी खोल जाते.

दुसरी बांधणी

होन २२० च्या दगडाने, भरपूर केरोसीन सोडत, मंद ड्रिलवर. माप वाढवायचं नव्हतं, चकाकी जाऊन जाळी परत उठेपर्यंतच. वर-खाली नेण्याचा वेग असा ठेवला की रेषा एकमेकींना ४५ ते ६० अंशांच्या कोनात छेदतील. रेषा फार आडव्या आल्या तर ऑइल साचून जळतं, फार उभ्या आल्या तर टिकत नाही. शेवटी ३२० ने हलक्या हाताचे चार-पाच फेरे.

मग धुणं. याला होनिंगपेक्षा जास्त वेळ लागला आणि लागायलाच हवा. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि नायलॉनचा ताठ ब्रश. प्रत्येक बोअर, प्रत्येक ऑइलची वाट, बोल्टची भोकं. पाणी ओतून लगेच कॉम्प्रेसरने वाळवलं आणि स्वच्छ पांढऱ्या सुती कापडावर इंजिन ऑइल घेऊन बोअर पुसला. कापड करडं निघालं, परत धुतलं. तिसऱ्या धुण्यानंतर कापड ऑइलच्या रंगाशिवाय काही न घेता बाहेर आलं, तेव्हा थांबलं. ओल्या बोअरवर पावसाळी हवेत गंज चढायला काही मिनिटं पुरतात, म्हणून ऑइलचा हात ताबडतोब.

रिंगांचा संच नवा घेतला. जुन्या रिंगा मापात होत्या, पण मजुरीपुढे रिंगांची किंमत किरकोळ आहे आणि ग्लेझवर चाललेली रिंग नव्या होनवर कशी बसेल याची हमी नाही. बिग एंडची बेअरिंगं बदलली, मेन तपासून तीच ठेवली. प्रत्येक रिंग रिकाम्या बोअरमध्ये सोडून पिस्टनने सरळ ढकलून गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) मोजला: टॉप रिंगला ०.२५ ते ०.३० मिमी. ६९ मिमीच्या बोअरला हे योग्य. गॅप यापेक्षा कमी असता तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडून रिंग तुटली असती किंवा बोअर ओरखडला असता. पिस्टनवर बसवताना गॅप एकाखाली एक येऊ दिले नाहीत, आणि पिनच्या रेषेवरही नाहीत.

जोडताना प्रत्येक पिस्टन बसला की क्रँक हाताने फिरवून पाहिला. अचानक जड लागलं तर तिथेच थांबून शोधता येतं, सगळं आवळून झाल्यावर नाही. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. अंदाजाने पाना मारायची ही जागा नव्हे.

ऑइल मिनरल, १५डब्ल्यू-४०, एपीआय सीआय-४ या डिझेल इंजिनांच्या दर्जाचं. या इंजिनात रॉकर कॅमवर घासत चालतात, त्यामुळे झिजेपासून वाचवणारं झिंक-फॉस्फरस ऑइलमध्ये पुरेसं लागतं. नव्या पेट्रोल गाड्यांसाठीच्या ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ऑइलमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी फॉस्फरसवर मर्यादा असते, जाड डिझेल-ग्रेडमध्ये ते जास्त मिळतं. कॅमच्या उंचवट्यांवर मॉलीची पेस्ट लावली. वेगळं कुठलंही अ‍ॅडिटिव्ह नाही.

पहिला स्टार्ट

ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे यांत्रिक गेज लावला. प्लग बाहेर, इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, स्टार्टर दहा सेकंद आणि मग मिनिटभर विश्रांती. गेजवर दाब दिसेपर्यंत इंजिन पेटवायचं नाही. दाब आला, मग प्लग लावले.

पेटल्यावर आयडलिंगला अजिबात सोडलं नाही. सुमारे १,८०० ते २,२०० आरपीएमच्या मधे वर-खाली, कूलंट तापून पंखा एकदा फिरेपर्यंत. ओम्नीला आरपीएम मीटर नसतो. प्लगच्या वायरवर चिमट्याने लागणारा डिजिटल मीटर वापरला. सायलेन्सरवर सांडलेलं ऑइल जळून धूर येतो, त्याने घाबरायचं नाही. गळती पाहिली, पाणी भरून हवा काढली, गरम असताना ऑइलचा दाब पाहिला: ३,००० आरपीएमला ४० पीएसआयच्या वर.

नवा कॅम असता तर याच आरपीएमवर पंधरा-वीस मिनिटं चालवणं गरजेचं होतं. इथे कॅम आणि रॉकर जुने, आपापल्या जागी परत बसवलेले, म्हणून त्याची गरज नव्हती. गाडी तशीच गरम असताना रस्त्यावर काढली.

रस्त्यावर

कुठल्या रस्त्यावर न्यायची, हा नागपुरात खरा प्रश्न आहे. वर्धा रोडवर सिग्नल आणि गर्दी. दर दोन मिनिटांनी आयडलिंग. समृद्धीवर शिवमडक्यापासून रस्ता मोकळा आहे, पण तिथे ताशी १२० च्या मर्यादेत धावणाऱ्या गाड्यांमधे सारखा वेग वाढवणं-कमी करणं धोक्याचं, आणि एकाच वेगाने तासभर चालवणं हे रिंगांना नकोच असतं. अमरावती रोड बरा पडला. वाडीतली ट्रकांची गर्दी ओलांडली की गोंडखैरीपासून कोंढाळीकडे रस्ता हलका चढ-उतारांचा आहे, आणि पहाटे साडेपाच-सहाला बऱ्यापैकी रिकामा.

क्रम असा होता. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३०, मागे कुणी नाही हे आरशात पाहून अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबून ५५ पर्यंत. तिथे पाय पूर्ण काढायचा, क्लच न दाबता, गिअरमध्येच गाडी ३० वर येऊ द्यायची. असे पाच-सहा फेरे. मग तसेच दहा फेरे पाऊण अ‍ॅक्सिलरेटरवर. मग चौथ्यात ४५ ते ७०, तितकेच. मधे दोन-तीन मिनिटं साधं चालवून इंजिनला दम घेऊ दिला.

वेग वाढताना गॅसचा दाब रिंगांना भिंतीवर रेटतो. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये व्हॅक्यूम तयार होऊन थोडं ऑइल वर ओढलं जातं; ते भिंत थंड करतं आणि झिजलेला धातू धुऊन नेतं. म्हणून पाय काढण्याचा भाग गाळायचा नाही. ब्रेक मारून वेग कमी केला तर हा फायदा जातो. चौथ्यात ३५ वर असताना अ‍ॅक्सिलरेटर ठोकणंही टाळलं, कमी आरपीएमला जास्त भार म्हणजे नव्या बेअरिंगवर घण.

पहिल्या दहा किलोमीटरला मागे निळसर धूर होता. बाजारगावपर्यंत तो पातळ झाला. कोंढाळीहून परत फिरताना पाय काढून पुन्हा दाबल्यावर आरशात काही दिसत नव्हतं.

घरी आल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. मग ऑइल आणि फिल्टर बदलला, या पहिल्याच फेरीनंतर. मालकाला हा खर्च वाया वाटला, पण नव्या इंजिनातला सर्वांत जास्त धातू याच ऑइलमध्ये असतो. तीन लिटरच्या आतला मामला आहे, इथे काटकसर करू नये. जुना फिल्टर पत्र्याच्या कात्रीने कापून कागद उलगडला. हॅक्सॉने कापला तर त्याचाच कीस कागदावर पडतो आणि निदान चुकतं. घड्यांत करडी, चमचमती भुकटी होती, चुंबकाला चिकटणारी: रिंगा आणि बोअरची, अपेक्षित. तांबूस-सोनेरी चकत्या असत्या तर बेअरिंगसाठी परत उघडावं लागलं असतं.

पुढचे ५०० किलोमीटर सूचना वेगळ्या होत्या. डबे नेता येतील, पण सकाळी गाडी सुरू करून उभी ठेवायची नाही. पंधरा-वीस सेकंदांत निघायचं. वेग चाळीसला बांधायचा नाही, ७० पर्यंत वर-खाली होऊ द्यायचा, सलग दहा मिनिटं एकाच वेगाने नको. आठवड्यातून दोनदा आउटर रिंग रोडवर अर्धा तास मोकळी चालवायची. फ्लायओव्हरच्या चढावर तिसरा गिअर, चौथ्यात ओढायचं नाही. दुसरी गाडी गॅरेजला ओढून न्यायला ही वापरायची नाही, हेही सांगावं लागलं.

५०० ला पुन्हा मिनरल ऑइल आणि फिल्टर. हेडचे बोल्ट, गॅस्केटच्या जातीनुसार मॅन्युअल सांगतं म्हणून, इंजिन थंड असताना परत टॉर्कला तपासले. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थोडे बदलले होते, ते जुळवले. १,५०० ला तिसरं ऑइल. सिंथेटिक भरायचंच असेल तर ३,००० नंतर. या इंजिनाला त्याची गरज आहे असं नाही.

१,५०० किलोमीटरला गरम इंजिनावर कॉम्प्रेशन: १६८, १६५, १७०. काटा पहिल्याच स्ट्रोकला अर्ध्याच्या वर उडतो. ऑइलचा खर्च हजार किलोमीटरला १५० मिलीच्या आत. झाकण उघडल्यावर भपका नाही. कूलंटचा काटा सकाळी सात-आठ मिनिटांत मधोमध येतो आणि तिथेच राहतो.

एक गोष्ट उरली. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर एक लहान निळी फुंकर येते आणि लगेच थांबते. ती दुसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्ह गाइडची (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते त्या नळीची), रिंगांचा संबंध नाही. हेड उतरवलं तेव्हा त्या एका गाइडमध्ये व्हॉल्व्ह किंचित हलत होता. सील तेवढे नवे टाकले होते, गाइड बदलायला मालक तयार नव्हते. प्लग कोरडा आणि फिक्या तपकिरी रंगाचा राहतोय तोवर हेड परत उतरवण्यात अर्थ नाही. फुंकर वाढून अर्धा मिनिट टिकू लागली, किंवा दुसऱ्या सिलिंडरचा प्लग ओला निघू लागला, तर तेवढं हेड काढून गाइड बदलावा. खालच्या इंजिनाला हात लावायचं कारण नाही.